नानांच्या तैलचित्राचे रसग्रहण

समस्त रसिकजनांस अत्यंत गांभीर्यपूर्वक जाहीर करण्यात येते की, खानदेशात आजवर चित्रकलेची खरीखुरी समीक्षा एकदाच झाली. ती धुळ्यात झाली, वाचनालयाच्या सभागृहात झाली, एका रविवारी सायंकाळी साडेपाच वाजता झाली, आणि ती मी केली. त्यानंतर चित्रावर जाहीरपणे मी एक शब्द बोललेलो नाही. बोलावणी पुष्कळ आली. जळगावच्या एका मंडळानं तर रेल्वेचं तिकीटच पाठवलं होतं. ते मी परत केलं. का, ते आता सांगतो. इतकी वर्षं झाली, आता सांगायला हरकत नाही.

चित्र होतं आमच्या पुढाऱ्यांचं. त्यांचं नाव सांगण्यात अर्थ नाही. ज्यांनी त्यांना पाहिलंय ते ओळखतील, आणि ज्यांनी पाहिलं नाही त्यांनी आपापल्या गावचा एक डोळ्यांसमोर आणावा, फारसा फरक पडणार नाही. सगळे त्यांना नाना म्हणत. कापसाची जिनिंग, भरदार देह, आणि आवाज असा की पांझरेच्या एका काठावर बोलले तर दुसऱ्या काठावरच्या म्हशी माना वर करत. मी तेव्हा शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो. घडे, केळी आणि त्रिकोणी चिती काढून घेण्यापलीकडे माझ्या कलेला गावात गिऱ्हाईक नव्हतं.

माझा थोरला भाऊ तलाठी होता, शिंदखेडा तालुक्यात, नरडाण्याच्या बाजूला. जंगल सत्याग्रहाच्या वर्षी पांझरेच्या वाळूत नानांची सभा झाली. नाना तेव्हा रावसाहेब होते. सरकारनं किताबाबरोबर एक पदकही दिलेलं होतं. त्या सभेत ते गरजले, “सरकारची चाकरी सोडा! उद्या सकाळी मी माझी रावसाहेबकी परत धाडतो, आज तुमच्यातलं कोण उठतं बोला!” भाऊ उठला. पुढे बसलेल्या माणसाच्या पाठीवर कागद ठेवून त्यानं तिथंच राजीनामा लिहिला. नानांनी त्याला मिठी मारली. सगळ्या वाळवंटात सर्वांत जोरात टाळ्या वाजवणारा माणूस मी होतो, हेही नोंदवून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नानांना ताप आला. भाऊ जंगलात गेला, गवत कापलं, पकडला गेला, सहा महिने आत बसला. नानांचा ताप सत्याग्रह संपेपर्यंत टिकला. रावसाहेबकी त्या तापात कुठं परत धाडणार? भाऊ सुटला त्या दिवशी मात्र नाना हार घेऊन तुरुंगाच्या दाराशी हजर. म्हणाले, “भाऊ, आपलं राज्य येऊ द्या. पहिला अर्ज तुमचा!”

त्या एका वाक्यावर भावानं सात वर्षं काढली. कचेरीसमोरच्या लिंबाखाली चटई टाकून तो लोकांचे अर्ज लिहून देई. त्याचं मोडी अक्षर असं की कचेरीतले शिरस्तेदार नुसतं वरून पाहूनच सांगत, हा कागद भाऊंच्या हातचा. डावीकडे दोन बोटं समास, मात्रा एका उंचीच्या, आणि शेवटी ‘सेवेशी श्रुत होय’ लिहिताना ‘य’चा पाय तो असा ओढी की जणू कागदाला तीट लावली. मी कधी चिडून नानांचा विषय काढला तर शांतपणे म्हणे, “नानासले खरंच ताप व्हता रे. मी जाईसन देखी उनू.” तो स्वतः जाऊन पाहून आला होता. कपाळाला हातही लावून आला असणार.

मग आपलं मंत्रिमंडळ आलं. ज्यांनी चळवळीत सरकारी नोकऱ्या सोडल्या त्यांना परत घ्यायचं ठरलं. यादी जिल्ह्यातल्या प्रतिष्ठित गृहस्थांच्या शिफारशीनं कलेक्टर कचेरीत जायची होती. आमच्याकडे प्रतिष्ठित गृहस्थ एकच. भावानं रात्रभर जागून नव्हे, भर दुपारी, नेहमीच्याच चटईवर बसून स्वतःचा अर्ज लिहिला आणि नानांच्या हातात दिला.

आठच दिवसांत नानांचं मला बोलावणं आलं.

बंगल्याच्या व्हरांड्यात त्यांचं जुनं तैलचित्र भिंतीला टेकवून ठेवलं होतं. त्या चित्राविषयी थोडं सांगायला हवं. ते एका नाटक कंपनीच्या पडदे रंगवणाऱ्या पेंटरनं काढलेलं. या पेंटरची पद्धत अशी की पावसाळ्यात कंपनी बंद असली की तो एकाच मापाची आठदहा धडं रंगवून ठेवी. काळा कोट, साखळीचं घड्याळ, कोरीव खुर्ची, गुडघ्यावर मिटलेलं जाड पुस्तक, मागे लाल मखमलीचा पडदा. मग गिऱ्हाईक मिळालं की वर मुंडकं काढून द्यायचं. धुळ्यापासून भडगावपर्यंत जेवढे वकील, व्यापारी आणि देशमुख भिंतीवर बसलेत त्या सगळ्यांचं धड एक आहे. आमच्या भागातल्या मोठ्या माणसांत मानेखाली मतभेद नाहीत. नानांच्या वाट्याला आलेल्या धडावर पेंटरनं एक वस्तू जास्तीची काढली होती: छातीवर ते सरकारी पदक. आणि ते इतकं सुंदर उतरलं होतं की चेहऱ्यापेक्षा तेच बोलकं वाटे.

“मास्तर,” नाना म्हणाले, “याचा कोट काढायचा.”

“कुणाचा?”

“माझा हो! चित्रातला. तिथं खादी घाला. पागोटं काढून टोपी द्या. येत्या रविवारी वाचनालयात लावायचंय. लोकांचा आग्रह आहे.”

मी म्हटलं, “नाना, काळ्यावर पांढरं बसत नाही. खालचं सगळं खरवडावं लागेल. पदकाचा रंग तर जाड आहे, तो आधी काढायला हवा.”

नाना चित्राजवळ गेले. पदकावरून त्यांनी अंगठा फिरवला.

“खरवडू नका. वरून खादी द्या, खाली राहू दे. उद्याचं कुणी सांगावं?”

मी हसलो. मला वाटलं, गंमत करतायत. ते करत नव्हते.

“आणि भाऊंच्या अर्जाची काळजी करू नका,” ते म्हणाले. “तो अगदी माझ्या नजरेसमोर ठेवलाय.”

हे ऐकल्यावर मी खरवडण्याचा आग्रह सोडला. कलेच्या इतिहासात याहून क्षुल्लक कारणासाठी याहून मोठ्या चित्रकारांनी आग्रह सोडले असतील. सोमवारपासून शाळा सुटल्यावर मी व्हरांड्यात खादी रंगवायला बसू लागलो. सफेदा, जवसाचं तेल, कुंचले, चिंध्या. फरशी खराब होऊ नये म्हणून नानांच्या गड्यानं चित्राखाली रद्दी कागद अंथरून दिले. सोमवार गेला, मंगळवार गेला. पदक दर हाताला पांढऱ्यातून परत वर येई. एखाद्या माणसाला पाण्यात बुडवावं आणि त्यानं डोकं काढून नमस्कार म्हणावं, तसं.

बुधवारी मी टोपीची कड काढत होतो. कुंचल्यातून एक थेंब खाली पडला. पुसायला वाकलो, तर कागदावर डावीकडे दोन बोटं समास दिसला.

मी चिंधीनं थेंब टिपला. मात्रा एका उंचीच्या होत्या. शेवटी ‘सेवेशी श्रुत होय’, आणि ‘य’चा पाय लांब ओढलेला. त्याच्यावर तीन दिवसांचे माझेच पांढरे डाग होते. तीन दिवस मी भावाच्या अर्जावर उभा राहून नानांना खादी नेसवत होतो.

आत नानांचा कारकून बसलेला होता. गरीब माणूस, खोटं बोलायला लागला की कान खाजवी. मी कागद त्याच्यासमोर धरला.

“यादी गेली का?”

“सोमवारीच गेली, मास्तर.”

“त्यात भाऊंचं नाव आहे?”

तो कान खाजवू लागला. मग हात खाली घेतला आणि खरं बोलला. “तलाठ्याची एकच जागा रिकामी होती. नानांनी त्यांच्या भाच्याचं नाव घातलं.”

“भाच्यानं नोकरी केव्हा सोडली?”

“धरली होती केव्हा?” कारकून म्हणाला. “त्या वर्षी तो आपल्या जिनिंगमध्ये कापूस तोलत होता. पण नाना म्हणाले, मनानं तो चळवळीतच होता.” मग इकडंतिकडं बघून हळूच म्हणाला, “भाऊंना सांगा, स्वतःचा अर्ज स्वतः नेऊन द्या म्हणावं. कचेरीत शुक्रवारपर्यंत घेतायत. नानांच्या चिठ्ठीशिवाय घेतील की नाही ठाऊक नाही. पण घेतायत.”

मी अर्ज घडी करून खिशात ठेवला. मग परत व्हरांड्यात गेलो आणि टोपीची कड पुरी केली. हे का केलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. हात चालूच राहिला.

तेवढ्यात नाना आले. मागे उभे राहून बराच वेळ पाहत राहिले. चेहरा नव्हे, खादी. पाहता पाहता त्यांचे डोळे खरोखरच भरून आले.

“मास्तर,” ते म्हणाले, “रविवारी चार शब्द तुम्हीच बोला. चित्राविषयी. ते तुमचं कलेतलं असतं ना, छायाप्रकाश, तोल वगैरे. लोकांना कळलं नाही तरी चालेल.”

लोकांना कळलं नाही तरी चालेल! वाचकहो, त्या क्षणी माझ्या अंगातून जे गेलं ते मी लपवणार नाही. फसवणुकीचा संताप होताच. पण त्याच्या पाठोपाठ जे आलं तो आनंद होता. निखळ, दुष्ट, नाटकवाल्याचा आनंद. बंगल्याच्या पायऱ्या उतरेपर्यंत भाषणाची पहिली तीन वाक्यं तयार झाली होती.

घरी पोचलो तर अंगणातल्या दोरीवर लाल कापड वाळत होतं. तलाठी दप्तर बांधतात तो रुमाल. वहिनीनं सात वर्षांनी ट्रंकेतून काढून धुतला होता. भाऊ ओट्यावर बसला होता. त्यानं मला चपला काढू दिल्या, पाणी पिऊ दिलं, मग आपल्या अर्जाचं विचारलं.

“नाना काय म्हननात रे? मना अर्जनं काय झायं?”

अर्ज माझ्या खिशात होता.

“नजरेसमोर ठेवलाय म्हणाले,” मी सांगितलं.

“पाय,” तो वहिनीकडे वळून म्हणाला, “मी सांगी ऱ्हायनू ना तुले!” बघ, मी सांगत नव्हतो का. वहिनीनं रुमालाचं टोक ओढून सुरकुती काढली.

मी स्वतःला समजावलं की नानांच्या चिठ्ठीशिवाय अर्ज कुणी घेणारच नाही, मग उगाच त्याला कशाला पायऱ्या झिजवायला लावायच्या. मी असंही समजावलं की आत्ता सांगितलं तर त्याच्या मनाला फार लागेल. दोन्ही कारणं चांगली होती. तिसरं कारण मात्र असं की त्याला सांगितलं तर तो सरळ नानांकडे जाईल, सभेआधीच सगळं फुटेल, आणि माझं भाषण जाईल. गुरुवारी मी छायाप्रकाशावरचा परिच्छेद लिहिला. शुक्रवारी, कचेरी उघडी असताना, मी शाळेत बसून शेवटच्या वाक्यातला एक शब्द तीनदा बदलला.

रविवारी सभागृह भरलं. पुढे वकील आणि व्यापारी, मागे खेड्यांवरून आलेले शेतकरी, खिडक्यांत जागा मिळेल तिथं लोक. भाऊ दुसऱ्या रांगेत, परीटघडीचं धोतर, मांडीवर हात. शेजारच्या वकिलांनी त्याला काहीतरी विचारलं. तो मोठ्यानं म्हणाला, “हो, मुदत शुक्रवारीच संपली. पण आपला अर्ज नानांनी धाडला असणार.” हे मी व्यासपीठावरून ऐकलं.

पडदा ओढला. टाळ्या झाल्या. पश्चिमेच्या खिडकीतून उतरतं ऊन चित्रावर तिरपं पडलं, आणि खादीच्या आत, डाव्या छातीवर, काहीतरी गोल फिकट चमकलं. मी उठलो.

“सभ्य स्त्रीपुरुषहो,” मी म्हणालो, “चित्रात प्रथम तोल पाहावा. या चित्रातला उजवा पाय पुढे आहे. नीट पाहा, डावाही पुढेच आहे. पाहणाऱ्याला वाटतं, हा पुरुष आता निघाला. आणि खुर्ची तर सुटलेली नाही! गतीचा पूर्ण आभास, आणि बैठक अभंग. हे विलायतेतल्या चित्रकारांनाही साधलेलं नाही.”

टाळ्या. नाना मान डोलावत होते.

“दुसरं, यथादर्शन. जवळची वस्तू मोठी दिसते, दूरची लहान, हा निसर्गाचा नियम. या चित्राच्या दृष्टीत तो फार कडक पाळलेला आहे. घरचं माणूस कितीही लहान असो, थोर दिसतं. आणि चार कोसांपलीकडचं माणूस दिसतच नाही.”

मागून कुणीतरी खुसखुसलं. शेतकऱ्यांना वकिलांच्या आधी कळलं, हे मी लक्षात घेतलं आणि मला पंख फुटले.

“आता डोळे. चांगल्या तैलचित्रातले डोळे तुम्ही कुठंही उभे राहा, तुमच्याकडे पाहतात. यात चित्रकार एक पाऊल पुढे गेला आहे. तुम्ही कुठंही उभे राहा, हे डोळे तुमच्या शेजारी जो अधिक उपयोगाचा असेल त्याच्याकडे पाहतात.”

वकिलांनी तोंडाला रुमाल लावला. नाना शेजारच्या अध्यक्षांना म्हणाले, “बारीक अभ्यास आहे मास्तरांचा.”

“छायाप्रकाश! या पांढऱ्याचं रहस्य काय? रहस्य असं की त्याच्याखाली काळं आहे. ते खरवडलेलं नाही. चित्रकाराला मोह झाला होता, पण खुद्द नायकानं सांगितलं, खाली राहू दे. नुसतं पांढरं फिकं पडतं, मंडळी. इतकं पांढरं दिसायला खाली भक्कम काळं लागतं. आणि ऊन तिरपं पडलं की अंतरंगातलं तेज कसं बाहेर येतं ते आपण समोर पाहताच आहात.”

सगळ्या माना पुढे झाल्या. पदक चमकत होतं. आता हसणं लपत नव्हतं. पोरीबाळी, व्यापारी, खिडकीतले लोक, सगळे. आणि नानाही हसत होते! सभा रंगली म्हणून ते खूष होते. माझ्याकडे वाकून म्हणाले, “हे सगळं लिहून द्या बरं का. छापू.”

खरं तर मी तिथंच थांबायला हवं होतं. माझ्या अंगाला एकही वार लागत नाही, असं मला दिसत होतं. आणि ज्याला वार करत होतो त्यालाही एकही लागत नव्हता, हे मात्र दिसत नव्हतं. मी शेवटचा परिच्छेद घेतला, ज्यातला शब्द तीनदा बदलला होता.

“शेवटी भूमी. प्रत्येक चित्राला भूमी लागते, ज्याच्यावर ते उभं राहतं. ही भूमी सहसा कुणाला दिसत नाही. मला ती बुधवारी दुपारी, कुंचल्यातून थेंब पडला तेव्हा दिसली. हे भव्य चित्र एका साध्या कागदावर उभं आहे. डावीकडे दोन बोटं समास. मोडी लिपी, मात्रा एका उंचीच्या. आणि शेवटी, ‘सेवेशी श्रुत होय’. असा कागद पायाखाली असल्याशिवाय असं चित्र उभं राहत नाही!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. नाना सर्वांत जोरात वाजवत होते. मी वाकून नमस्कार केला, आणि मान वर केली तेव्हा दुसऱ्या रांगेत भाऊ उभा होता.

टाळ्या हळूहळू थांबल्या. लोकांना वाटलं, तोही दोन शब्द बोलणार. नाना म्हणाले, “या भाऊ, या, वर या!” भावानं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. चित्राकडे पाहिलं नाही. सात वर्षं कचेरीसमोर शुद्ध मराठीत इतरांची गाऱ्हाणी लिहिणारा माणूस, घरच्या बोलीत, भरल्या सभागृहात, माझ्याकडे बघून ओरडला:

“बुधवारे दिसना व्हता ना रे तुले मना अर्ज? मधमा शुक्रवार व्हता! माले का बरं नही सांगं?”